नियमात बसलेला आघात

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आम्ही प्रत्यक्ष मैदानावर कधी पाहिलेला नाही, आणि पुढे पाहण्याचा योग येईल अशीही चिन्हे नाहीत. त्या खेळाशी आमचा संबंध आला तो एका सदऱ्यामुळे. ह्यूस्टन येथे स्थायिक झालेले आमचे मावसबंधू गेल्या दिवाळीत कोलकात्यास आले होते. त्यांच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांच्या अंगावरून एक गडद निळा सदरा चार दिवस म्हणून उतरला नाही. पाठीवर २४ हा आकडा आणि त्याच्या वर 'स्टिंगली' हे नाव. आमच्या मातुःश्रींना ते नाव एखाद्या मलमाचे वाटले. हा स्टिंगली म्हणजे ह्यूस्टनच्या टेक्सन्स संघाचा डेरेक स्टिंगली. २०२२ साली साऱ्या देशातून निवडल्या गेलेल्या होतकरू खेळाडूंत त्याचा क्रमांक तिसरा होता, इत्यादी माहिती चिरंजीवांनी आम्हांस मोठ्या उत्साहाने पुरवली. शेवटी चकलीचा तुकडा मोडता मोडता ते सहज म्हणाले, "काका, ह्याचे आजोबापण खेळायचे. एका गेममध्ये त्यांना कोणीतरी हिट केलं आणि ते पॅरलाइज झाले. पण तो फाउल नव्हता."

पाहुणे परत गेले, परंतु ते शेवटचे वाक्य मागे राहिले. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. 'सदर कार्यवाही नियमानुसार करण्यात आली आहे' हे वाक्य आमच्या हातून आजवर किती वेळा लिहिले गेले असेल याची गणती नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडून तेच वाक्य दुसऱ्या पोशाखात ऐकावयास मिळाले, आणि त्या आजोबांची हकीकत शोधून वाचल्यावाचून आम्हांस राहवले नाही.

पायाने चेंडू मारण्याचे काम या फुटबॉलात फार थोडे. नाते सांगायचे तर ते रग्बीशी सांगता येईल. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी, शंभर यार्डांचे मैदान, आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकण्याची अट; न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन. क्वार्टरबॅक नावाचा गडी हा साऱ्या चालीचा सूत्रधार. तो चेंडू दूर फेकतो, आणि तो झेलण्याचे काम ज्याच्याकडे असते त्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. आपण त्याला नुसते रिसीव्हर म्हणू. बाकीचे धिप्पाड गडी मध्यभागी एकमेकांना रेटत असताना हा चपळ माणूस बाजूच्या रेषेजवळ एकटा उभा असतो, इशारा होताच ठरलेल्या वाटेने धावत सुटतो, आणि ठरलेल्या ठिकाणी मान वळवून आकाशाकडे पाहतो.

त्या पाहण्यातच त्याच्या धंद्याचे मर्म आहे. चेंडू झेलायचा तर डोळे चेंडूवर हवेत. दोन्ही हात वर हवेत, म्हणजे बरगड्या उघड्या पडतात. आणि उंच चेंडूसाठी उडी मारली की पायांखालची जमीनही सुटते. नेमक्या त्याच क्षणी समोरून किंवा बगलेतून कोणीतरी पूर्ण वेगाने त्याच्या अंगावर येत असते. आपल्या हुतूतूत चढाई करणाऱ्या गड्याला निदान सारे विरोधक डोळ्यांसमोर दिसत असतात. ज्याला पकडणार ते पाहून तो अंग चोरू शकतो. रिसीव्हरला ती सोय नाही. ज्याने अंग चोरले त्याच्या हातून चेंडू निसटला म्हणून समजावे. स्वतःला सांभाळायचे नाही, हीच ज्याच्या कौशल्याची पहिली अट आहे, असे व्यवसाय जगात फार नसावेत.

डॅरिल स्टिंगली हा असा रिसीव्हर होता. जन्म १९५१ चा, शिकागो शहरातला. तेथल्या शाळेत नाव मिळवून तो इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात गेला, आणि १९७३ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने त्याला पहिल्याच फेरीत उचलले. साऱ्या देशाच्या यादीत त्याचा क्रमांक एकोणिसावा होता. पाच हंगामांत तो ६० सामने खेळला, ११० वेळा त्याने चेंडू झेलला, त्या झेलांवर १,८८३ यार्डांची मजल मारली आणि १४ वेळा प्रतिपक्षाची अंतिम रेषा ओलांडली. हे आकडे काही विक्रमाचे नव्हेत. पण १९७८ च्या उन्हाळ्यात तो सव्वीस वर्षांचा होता, या धंद्यातली त्याची उमेदीची वर्षे आता कोठे सुरू झाली होती, आणि त्याच्या नव्या करारनाम्याची बोलणी पुरी झाली होती. मोठ्या मोबदल्याचा तो करार बोस्टनला परतल्यावर जाहीर व्हायचा होता.

तो करार जाहीर झाला नाही. १२ ऑगस्ट १९७८ रोजी कॅलिफोर्नियात ओकलंड येथे रेडर्स या संघाशी पेट्रियट्सचा सामना होता. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सरावाच्या सामन्यांपैकी तो एक. त्याच्या हारजितीचा हिशेब कोठल्याही तक्त्यात धरला जात नाही. क्वार्टरबॅक स्टीव्ह ग्रोगनने चेंडू फेकला तो जरा उंच आणि जरा पुढे गेला. स्टिंगली मैदानाच्या मध्याकडे तिरका धावत होता. त्याने हात लांबवून झेप घेतली. चेंडू हाती लागण्यासारखा नव्हता, लागलाही नाही. झेपेतून खाली येताना त्याचे डोके पुढे झुकलेले होते, आणि त्या स्थितीत रेडर्सचा जॅक टेटम त्याच्यावर येऊन आदळला. मानेचे चौथा आणि पाचवा हे मणके निखळले. स्टिंगली त्यानंतर कधीही आपल्या पायांवर उभा राहिला नाही.

या खेळात नियमभंग झाला की पंच खिशातला पिवळा रुमाल काढून मैदानावर टाकतात. त्या दिवशी रुमाल पडला नाही. पंचांची चूक झाली असेही कोणास म्हणता आले नाही, कारण त्या वेळच्या नियमांत त्या आघाताला मनाई नव्हती.

येथे जॅक टेटमविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. वृत्तपत्रांनी त्याला खलपुरुष करून टाकले होते, आणि त्या पदवीला त्याने स्वतःही हातभार लावला. तो १९४८ चा, स्टिंगलीहून तीन वर्षांनी मोठा. ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळून तो १९७१ साली रेडर्स संघात आला, तोही पहिल्याच फेरीत. आणि हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही नाक मुरडले असते, त्याचाही क्रमांक एकोणिसावाच होता. त्याची जागा बचावफळीच्या अगदी मागची. झेल घ्यायला येणाऱ्या रिसीव्हरवर अशा जोराने आदळायचे, की पुढच्या वेळी त्याचे डोळे चेंडूवरून क्षणभर तरी ढळले पाहिजेत, हे त्याचे काम. ते त्याला शाळेपासून शिकवले गेले, विद्यापीठात त्याबद्दल त्याचा गौरव झाला, आणि पुढे त्याचेच वेतन मिळाले. हजारो प्रेक्षक तिकिटे काढून येत ते बऱ्याच अंशी त्याच आघातांसाठी. तेव्हा एक आघात चुकीच्या क्षणी, चुकीच्या कोनात बसला म्हणून सारे उत्तरदायित्व त्या एका माणसाच्या माथी मारून बाकीच्यांनी हात झटकावे, हे काही न्यायाचे नव्हे. स्टिंगलीला लुळे करावे असे टेटमच्या मनात होते, असे आम्हांस वाटत नाही. जोराने आदळावे एवढेच होते, आणि ते त्याच्या मनात दर सामन्यात असे.

मग प्रश्न उरतो कोठे? आमच्या मते तो दोन ठिकाणी उरतो, आणि पहिले ठिकाण अगदी अरुंद आहे.

चेंडू हाती लागण्यासारखा नव्हता, असे आम्ही वर म्हटले. झेल रोखण्यासाठी त्या आघाताची आवश्यकता नव्हती. झेल आपोआपच चुकला होता. नियमाने टेटमला आदळण्याची मुभा दिली होती, आदळण्याची आज्ञा दिली नव्हती. मुभा आणि आज्ञा यांच्यामध्ये जी बोटभर जागा आहे तीत माणूस स्वतः उभा असतो. तेथे नियमाचा हात पोहोचत नाही. अर्थात् हे आम्ही खुर्चीवर बसून लिहीत आहोत. पूर्ण वेगात धावणाऱ्या माणसाला त्या जागेत पाऊल रोखण्यास अर्धा निमिषही मिळत नाही, आणि वर्षानुवर्षे ज्या शरीराला न थांबण्याचीच सवय लावली ते त्या क्षणी थांबेल ही अपेक्षा कदाचित अवास्तव असेल. म्हणून या पहिल्या ठिकाणी आम्ही टेटमला दोष देण्यास कचरतो. घाईने धावणाऱ्याला जी सवलत द्यावयाची ती मात्र टेबलाशी बसून विचार करणाऱ्याला देता येत नाही, त्याविषयी पुढे.

दुसरे ठिकाण पुष्कळच मोठे आहे. ते त्या संध्याकाळी सुरू होते आणि पुढे जवळजवळ एकोणतीस वर्षे चालते. स्टिंगली ज्या रुग्णालयात होता तेथे रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन त्याच संध्याकाळी गेले, आणि नंतरही वारंवार जात राहिले. हे प्रतिपक्षाचे प्रशिक्षक. टेटमला मैदानावर पाठवणारे तेच. त्यांनीही नियम मोडला नव्हता. टेटम मात्र स्टिंगलीला भेटला नाही. आपण रुग्णालयात गेलो होतो परंतु घरच्यांनी भेटू दिले नाही, असे तो पुढे सांगत असे. ते खरेही असेल. पण पहिल्या आठवड्यात बंद असलेले दार पुढे वर्षानुवर्षे बंदच राहते असे नाही. दोनच वर्षांनी, १९८० साली, टेटमचे आत्मचरित्र निघाले. लोक मला मारेकरी म्हणतात, अशा अर्थाचे त्याचे नाव. ती पदवी पुस्तकाच्या विक्रीस उपयोगी पडली असणार. आपण नियमाप्रमाणे खेळलो, मग क्षमा मागायची कशाची, हा त्याचा पक्ष अखेरपर्यंत कायम राहिला. १९९६ साली दूरचित्रवाणीवर या दोघांची भेट घडवण्याचा घाट घातला गेला होता. त्यामागे टेटमच्या आणखी एका पुस्तकाची जाहिरात आहे असे कळताच स्टिंगलीने नकार दिला.

टेटमचा हा युक्तिवाद तर्काच्या दृष्टीने पक्का आहे, हे कबूल केले पाहिजे. क्षमा अपराधाची मागतात; अपराध ठरण्यास नियमभंग हवा; नियमभंग झालेला नाही; सबब क्षमा मागण्याचे कारण नाही. आमच्या कचेरीतल्या कोणत्याही फाईलवर ही टिप्पणी चढली असती तर तीवर निमूटपणे सही झाली असती. तरीसुद्धा ती वाचून मन निवत नाही, ते का?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा एक जुना नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे. मृगया हा राजाचा मान्य अधिकार. दशरथाने अंधारात घागर बुडबुडल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितो आहे असे समजून शब्दवेधी बाण सोडला, आणि तो श्रावणाला लागला. हेतू नव्हता, जे करायला निघाला होता त्याचा त्याला अधिकार होता. येथपर्यंत दशरथ आणि टेटम एकाच ओळीत उभे आहेत. तेथून मात्र वाटा फुटतात. दशरथ पाण्याचे भांडे उचलतो आणि आंधळ्या मातापित्यांसमोर स्वतः जाऊन उभा राहतो. वाल्मीकींनी या जागी एक बारकावा ठेवला आहे. तो वृद्ध तापस म्हणतो की, हे कर्म तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शतसहस्र शकले झाली असती. शाप चुकला नाही. परंतु जाऊन सांगितल्याने कशाचे तरी निवारण झाले, असे कवीला म्हणावयाचे आहे. दशरथाचा हेतू शुद्ध होता की नाही याची चर्चा तो तापस फारशी करीत नाही. तो आला, याला त्याच्या लेखी महत्त्व आहे.

पाश्चात्य तत्त्वज्ञांपैकी बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज पंडिताने १९७६ साली, म्हणजे ओकलंडच्या त्या सामन्याच्या दोनच वर्षे आधी, अशाच एका प्रसंगाचा विचार केला होता. एक ट्रकचालक सावधपणे गाडी चालवीत आहे. काही चूक नसताना एक मूल त्याच्या चाकाखाली येते. फुटपाथवरच्या बघ्यालाही दुःख होईल आणि चालकालाही होईल. पण चालकाचे दुःख निराळ्या जातीचे असेल, आणि असावयास हवे. आपण त्याची समजूत घालू, तुझा दोष नाही असे पुन्हा पुन्हा सांगू, परंतु तो जर लगेच "खरेच, माझा दोष नाहीच" असे म्हणून मोकळा झाला, तर आपण मनातल्या मनात त्याच्यापासून दोन पावले मागे सरकू. पदवी परीक्षेसाठी आम्ही तत्त्वज्ञान हा विषय घेतला होता. हे विवेचन त्या वेळी वाचले ते दहा गुणांचा प्रश्न म्हणून. ते आपल्या अंगावर येणारे आहे हे तेव्हा लक्षात आले नव्हते.

दोष आणि संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आम्हांस आता वाटते. दोष आहे की नाही ते पंच ठरवतात, न्यायालय ठरवते, तपासणी पथक ठरवते. संबंध कोणी ठरवावा लागत नाही; तो घडून गेलेला असतो. स्टिंगलीचे उरलेले सारे आयुष्य टेटमच्या खांद्याने आखले गेले, एवढे खरे असण्यास रुमाल पडण्याची गरज नव्हती. तो संबंध नाकारण्यासाठी नियमाचा आधार घेणे म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला सोडून भलत्याच प्रश्नाचे उत्तर देणे होय.

क्रिकेटमधली एक हकीकत येथे आठवते. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे आपल्या संघाचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू बसून कवटीस इजा झाली. तोही कसोटी सामना नव्हता, दौऱ्यातला एक साधा सामना. त्यांना रक्ताची गरज लागली तेव्हा चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर हे सहकारी पुढे झाले, आणि त्यांच्याबरोबर फ्रँक वॉरेल. वॉरेल हे वेस्ट इंडीजचे कर्णधार. बंगालच्या क्रिकेट संघटनेने पुढे १९८१ पासून त्यांच्या नावाने ३ फेब्रुवारीस रक्तदानाचा दिवस पाळण्यास सुरुवात केली. तेथे आम्हीही दोनदा रक्त दिले आहे, प्रमाणपत्रही मिळाले, आणि कबूल करावयास हरकत नाही, त्या दिवशी वॉरेलपेक्षा प्रमाणपत्राचा विचार आमच्या मनात अधिक होता. रक्त देण्यापूर्वी, आपल्या बाजूच्या गोलंदाजाचा दोष होता का, ही चौकशी वॉरेल यांनी केल्याचे कोठे नमूद नाही.

आता वर राहिलेला धागा. कचेरीचे नाव सांगण्याचे कारण नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या कचेरीतून सेवानिवृत्त झालेला एक शिपाई वारला. बिहारात छपऱ्याकडचे त्याचे गाव. त्याच्या विधवेच्या कुटुंब-पेन्शनचे कागद आमच्या टेबलावर आले. सर्व्हिस बुकात पत्नीचे नाव 'शांतिदेवी' असे होते, बँकेच्या पासबुकात 'सांती देवी'. आम्ही हरकत लिहिली: नावात तफावत, सबब शपथपत्र व ओळखीचा दाखला सादर करावा. हरकत अगदी रास्त होती. कागद परत गेले, चुकीच्या नमुन्यात आले, पुन्हा गेले. यात नऊ महिने लोटले. त्या अवधीत तात्पुरती पेन्शन चालू करण्याची शिफारस करण्याची मुभा नियमातच होती. आम्हांस ती ठाऊक होती. न करण्याचे कारण एवढेच, की पुढे काही निराळे निघाले तर शिफारशीखाली आमची सही राहिली असती, आणि न केलेल्या शिफारशीचा जाब आजपर्यंत कोणी कोणाला विचारलेला नाही. त्या वर्षीच्या तपासणीत आमच्या टेबलाविरुद्ध एकही शेरा आला नाही.

पेन्शन मंजूर झाल्यावर त्या बाईचा मुलगा येऊन भेटला. तो भांडायला आलेला नव्हता. पिशवीतून ठेकुआचा पुडा काढून त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाबूजी, पिंसिन चालू हो गया, आपकी मेहरबानी." मग, जाता जाता सांगावे तसे, त्याने सांगितले की आईच्या डोळ्यांत काचबिंदू होता, रोज घालायचे थेंब मध्यंतरी पैशांअभावी बंद राहिले, आणि आता डाव्या डोळ्याने तिला काही दिसत नाही. आम्ही "अच्छा, अच्छा" म्हणालो. दुसरे काही सुचले नाही असे नव्हे. सुचले होते. पण जे सुचले होते ते तोंडातून निघाले असते तर आमच्याच हरकतीवर आम्हीच शेरा मारल्यासारखे झाले असते, आणि शेजारच्या टेबलावरचे कान उघडे होते. थेंब चालू राहते तर डोळा वाचलाच असता असे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, ही सबब आम्ही त्याच रात्री शोधून काढली. ती खोटी नाही. टेटमचीही खोटी नव्हती. फक्त टेटम पूर्ण वेगाने धावत होता, आणि आम्ही नऊ महिने पंख्याखाली बसलो होतो.

स्टिंगलीने त्या मधल्या वर्षांत काय केले, हे सांगायचे राहिले. उजव्या हाताची थोडी हालचाल परत आली, तेवढ्यावर तो विजेच्या चाकांच्या खुर्चीतून हिंडू फिरू लागला. १९७९ साली पेट्रियट्सने त्याला कार्यालयात जागा दिली. १९८३ साली त्यानेही पुस्तक लिहिले, आणि जिवंत असल्याचा आनंद वाटतो असे त्याच्या नावातच म्हटले. पुढे शिकागोला परत जाऊन आपण वाढलो तशा वस्तीतल्या मुलांसाठी त्याने एक संस्था काढली. टेटमला पुढे मधुमेहाने गाठले आणि त्याचा एक पाय कापावा लागला. तेव्हा वृत्तपत्राच्या लोकांनी मुद्दाम स्टिंगलीला गाठून विचारले, कसे वाटते? दुसऱ्या माणसाच्या अशा दुर्दैवाने माणसाला आनंद होऊच शकत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. त्या उत्तरात शिष्टाचार किती आणि खरे किती हे आम्ही कसे सांगावे? परंतु ज्याला काही मागण्याचा हक्क होता तो काही न मागता राहिला, आणि ज्याच्याकडे देण्यासारखे होते त्याने ते दिले नाही, एवढे मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. ५ एप्रिल २००७ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, स्टिंगली शिकागोत वारला. टेटम २७ जुलै २०१० रोजी ओकलंड येथे हृदयविकाराने गेला. दोघांची भेट राहून गेली ती गेलीच.

नियमही मागाहून बदलले. झेल घेण्याच्या प्रयत्नात असलेला आणि स्वतःला सावरण्यास ज्याला अवधी मिळालेला नाही असा रिसीव्हर हा 'असंरक्षित' समजावा, त्याच्या डोक्यावर वा मानेवर जोराचा आघात केल्यास पंधरा यार्डांचा दंड व्हावा, अशी तरतूद आता त्यांच्या नियमपुस्तकात आहे. टेटमच्या जागी आज कोणी तसाच आदळला तर रुमाल पडेल. म्हणजे १९७८ साली जे निर्दोष होते ते पुढे सदोष झाले. कृत्य तेच, मानेचे मणके तेच. मधल्या काळात पुस्तकात एक परिच्छेद वाढला. जे लोक नियमाला नीतीची अखेरची सीमा समजतात त्यांनी या परिच्छेदाचे काय करावे, हे आम्हांस समजत नाही.

आमच्या पुतण्याच्या सदऱ्यावरचा स्टिंगली हा रिसीव्हर नव्हे. त्याची जागा समोरच्या बाजूची. रिसीव्हरच्या मागावर राहायचे, त्याच्याकडे येणारा चेंडू मध्येच उडवायचा किंवा हिसकावायचा, आणि झेल घेतला गेलाच तर त्याला तेथल्या तेथे खाली पाडायचे. आजोबा वारले तेव्हा तो सहा वर्षांचाही नव्हता. नातू मैदानाच्या त्या बाजूला उभा राहतो, जेथून टेटम धावत आला होता. मार्च २०२५ मध्ये त्याच्याशी तीन वर्षांचा नऊ कोटी डॉलरचा करार झाला, हेही आम्हांस पुतण्यानेच दूरध्वनीवर कळवले. आम्ही त्याला विचारले, "अरे, तो कोणाच्या अंगावर फार जोराने आदळतो का?" थोडा विचार करून तो म्हणाला, "नाही काका, तो बॉल बघतो."

छपऱ्याचा पत्ता फाईलमध्ये होताच. तो उतरवून घेण्यास आम्हांस कोणत्याही नियमाची आडकाठी झाली नाही, किंवा झाली असली तर आम्ही ती पाहिली नाही. पत्र हिंदीत लिहिले. पहिल्या मसुद्यात 'नियमानुसार' हा शब्द तीनदा आला होता. तो काढून टाकण्यास आणखी तीन मसुदे लागले. कचेरीचा कागद वापरला नाही, शिक्का मारला नाही. बाईंना वाचता येत नसावे, म्हणून मुलाने वाचून दाखवावे अशी विनंती वर लिहिली, आणि ऑफिसला जाताना टपालपेटीत टाकले. त्याला सात आठवडे झाले. उत्तर आलेले नाही. पाकिटाच्या मागच्या बाजूस आमचे नाव आणि घरचा पत्ता स्वच्छ अक्षरांत होता. पत्र परत आले नाही, तेव्हा ते पोहोचले असावे.